जुन्या एलपी आणि सीडींची ऑनलाइन विक्री : खरेदीपासून पार्सलपर्यंतचा क्रम

ठाणे आणि नवी मुंबईत घरातूनच जुन्या रेकॉर्ड्स (मुख्यतः एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकड्या) आणि सीडी विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांचे काम बहुधा एकाच जागी फसते. माल हातात येताच फोटो निघतात, इन्स्टाग्रामवर किंमत पडते, आणि तबकडी वाजते कशी हे सर्वप्रथम कळते ते गिऱ्हाइकाला. मग परत आलेले पार्सल, दोन्हीकडचा कुरिअर खर्च आणि गेलेले नाव हे सगळे विक्रेत्याच्या पदरात पडते. खालील क्रमात धुणे आणि वाजवून पाहणे ही कामे किंमत आणि फोटो यांच्या आधी येतात. ती मागे ढकलली तर पुढच्या टप्प्यांत कितीही काळजी घेतली तरी तिचा उपयोग होत नाही.

## पूर्वतयारी

सुईचा दाब कमी-जास्त करता येणारा टर्नटेबल ही पहिली गरज आहे. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेयर तपासणीसाठी घेऊ नयेत; त्यांत हा दाब जुळवता येत नाही, आणि दुसऱ्याला विकायच्या मालावरच आपण झीज करत राहतो. दाब मोजण्याचा छोटा काटा, तिरपा प्रकाश टाकणारा टेबल लॅम्प, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, डिस्टिल्ड वॉटर, मायक्रोफायबरची चार-पाच फडकी, आतली आणि बाहेरची नवी पाकिटे एवढे साहित्य आधी जमवावे. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्ड्स घ्यायच्या असतील तर त्या गतीचा टर्नटेबल आणि त्यांच्या रुंद खाचांसाठी वेगळी सुई लागते. एलपीच्या सुईवर त्या वाजवून प्रत, म्हणजे दर्जा, ठरवू नये.

माल कायम उभा ठेवावा. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नये, कारण पावसाळ्यात ओल तिथूनच येते. जुलैमध्ये आपल्याकडे हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि बंद कपाटातल्या कव्हरांवर बुरशी धरायला तेवढे पुरते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात.

## टप्पा १ : खरेदी

नौपाडा, पाचपाखाडी, चरई या भागांतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की घर रिकामे करताना रेकॉर्ड्सचे गठ्ठे बाहेर पडतात. रद्दीवाल्यांशी ओळख ठेवली तर ते फोन करतात. मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट आहेच, पण तिथला माल आधीच निवडलेला असतो आणि भावही त्याच हिशेबाने सांगितला जातो.

गठ्ठा पाहताना वरच्या चार-पाच रेकॉर्ड्सवर जाऊ नये. मधल्या आणि अगदी खालच्या काढून पाहाव्यात. कव्हराच्या तोंडाशी कुबट वास आला तर तबकडी पूर्ण बाहेर काढल्याशिवाय भाव बोलू नये. आडव्या रचून ठेवलेल्या गठ्ठ्यात खालच्या तबकड्या वाकलेल्या सापडतात, म्हणून संशय आल्यास तबकडी डोळ्याच्या पातळीवर धरून कडेने पाहावी. गरम करून किंवा उन्हात ठेवून वाकलेली तबकडी सरळ करण्याच्या भरीस पडू नये. खाचा कायमच्या बिघडतात.

घरमालकाशी व्यवहार स्पष्ट असावा. "काकू, यातल्या किती वाजतील ते धुतल्याशिवाय मला सांगता येणार नाही, आज संपूर्ण गठ्ठ्याचा एक भाव देतो, किंवा तुम्हाला चालत असेल तर आठवड्याने प्रत्येकीचा वेगळा हिशेब देतो," एवढे आधी बोलून घेतले की नंतर तोंड कडू होत नाही. कव्हरांत घरचे फोटो, पत्रे, लग्नपत्रिका निघतात. त्या परत द्याव्यात, आणि त्या शोधण्यासाठी प्रत्येक कव्हर उघडावेच.

तपासणी : पैसे देण्यापूर्वी नाव, पत्ता, तारीख, नगांची संख्या आणि रक्कम लिहून विकणाऱ्याची सही घ्यावी. चोरीच्या मालाचा प्रश्न उद्भवला तर हाच कागद कामी येतो, आणि कराच्या हिशेबालाही तोच लागतो.

कराबाबत थोडक्यात. फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, परंतु करपात्र माल परराज्यात पाठवू लागल्यावर ही सवलत लागू राहत नाही. ऑनलाइन विक्रीत बेंगळुरूचे गिऱ्हाईक पहिल्याच महिन्यात येते, तेव्हा हा विचार आधी करावा. नोंदणी झाल्यावर वापरलेल्या वस्तूंसाठी सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) नियम ३२(५) उपयोगी पडतो : खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घेतले नसेल आणि वस्तूचे मूळ स्वरूप बदललेले नसेल, तर खरेदी आणि विक्री किमतीतल्या फरकावरच कर आकारला जातो. त्यासाठी प्रत्येक नगाची खरेदी किंमत वहीत असली पाहिजे. पहिले बिल फाडण्यापूर्वी सीएचा सल्ला घ्यावा.

## टप्पा २ : धुणे आणि पुसणे

प्रथम माल तीन ढिगांत वेगळा करावा : एलपी व ईपी (एलपीपेक्षा कमी गाण्यांच्या तबकड्या), ७८ च्या लाखेच्या तबकड्या, आणि सीडी. तिन्हींची स्वच्छता वेगळी आहे, आणि सर्वांत महागड्या चुका इथेच होतात.

एलपीसाठी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे दोन-तीन थेंब पुरतात. नळाचे पाणी वापरू नये. वाळल्यावर त्यातले क्षार खाचांत बसतात आणि धुण्यापूर्वी नसलेली खरखर धुतल्यावर ऐकू येते. मधल्या कागदी लेबलावर पाणी जाऊ देऊ नये. फडके खाचांच्या दिशेने गोल फिरवावे, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने द्रवाचा अंश काढावा आणि भांडी निथळायच्या स्टँडमध्ये तबकडी उभी ठेवावी. पावसाळ्यात ती रात्रभर पंख्याखाली राहू द्यावी. ओलसर तबकडी पाकिटात घालणे म्हणजे बुरशीला निमंत्रण देणे होय.

सावधान : ७८ च्या लाखेच्या तबकडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा तत्सम कोणताही द्रव लावू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तबकडी एका पुसण्यात संपते. भारतात या रेकॉर्ड्स १९६० च्या दशकापर्यंत निघत होत्या, त्यामुळे एलपींच्या गठ्ठ्यात त्या हमखास मिसळलेल्या असतात. हाताला जड लागणारी, ताठ आणि ठिसूळ तबकडी दिसली की आधी लेबल वाचावे.

सीडी पुसण्याची दिशा एलपीच्या उलट आहे. मधल्या छिद्रापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो माहितीच्या ओळीच्या दिशेने जातो आणि प्लेयरला तो भरून काढता येत नाही. लोक चकचकीत बाजूची काळजी घेतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात, वास्तविक परावर्तक थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, म्हणून तिथला खोल ओरखडा अधिक घातक ठरतो.

स्वच्छ तबकडी जुन्या पाकिटात परत घालू नये. जुनी पाकिटे छापील असतील तर ती वेगळी ठेवून सोबत द्यावीत, संग्राहकांना ती हवी असतात. मऊ पीव्हीसीची पाकिटे मात्र काढून टाकावीत. दीर्घकाळ चिकटून राहिल्यास ती तबकडीवर धुरकट थर सोडतात आणि तो धुऊन जात नाही.

## टप्पा ३ : वाजवून पाहणे

आपल्याकडच्या घरगुती रेकॉर्ड्स बऱ्याचदा एचएमव्ही फिएस्टासारख्या प्लेयरवर, झिजलेल्या सुईने, वर्षानुवर्षे वाजलेल्या असतात. अशी तबकडी दिव्याखाली काळीशार आणि बिनओरखड्याची दिसू शकते आणि तरीही तिचा आवाज फाटलेला असतो. केवळ डोळ्यांनी ठरवलेली प्रत भारतीय मालाला म्हणूनच पुरत नाही.

एलपीची एक बाजू साधारण २० मिनिटांची असते. प्रत्येक नग पूर्ण ऐकणे छोट्या विक्रेत्याला परवडत नाही. स्वस्त मालासाठी प्रत्येक बाजूचे पहिले अर्धे मिनिट, एखादी शांत जागा आणि शेवटचे गाणे एवढे तरी ऐकावेच. शेवटचे गाणे मध्याजवळ असते, खाचेचा वेग तिथे सर्वांत कमी असतो, आणि झीज तिथेच आधी कानाला बोचते. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे तिचे शेवटचे गाणे कडेला असते, आणि कडेलाच बोटांचे ठसे, ओरखडे व ओल यांचा त्रास अधिक असतो. दोन्हींत शेवटचे गाणे ऐकायचे, फक्त कारण वेगळे आहे. महाग नग पूर्ण ऐकावेत, यात कसूर करू नये.

टक-टक आवाज आला तर टक मोजाव्यात. एलपीच्या मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला एक फेरा १.८ सेकंदांचा असतो, दर १.८ सेकंदांनी एक टक येत असेल तर तो खाचांना आडवा ओरखडा आहे, आणि किती टक आल्या यावरून तो किती खाचांवर पसरला आहे ते कळते. सुई उडी मारते किंवा त्याच जागी अडकते का, याची वेगळी नोंद करावी.

तपासणी : प्रत्येक बाजू झाल्यावर सुई ब्रशने साफ करावी. मळक्या सुईने ऐकलेल्या पुढच्या दहा रेकॉर्ड्सचे निदान चुकीचे निघते.

सीडी उजेडासमोर धरून पाहावी. थरात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली तर ती विक्रीला ठेवू नये. खालची बाजू निळसर किंवा हिरवट झाक असलेली असेल तर ती बहुधा घरी भरलेली सीडी-आर आहे. कंपनीच्या सीडीची खालची बाजू सहसा चंदेरी असते आणि आतल्या कड्यावर क्रमांक कोरलेला असतो. कॉपी केलेली सीडी विकणे हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे. "फक्त संग्रहासाठी" असे लिहून सुटका होत नाही.

## टप्पा ४ : प्रत ठरवणे

जगभर गोल्डमाइन या अमेरिकी संग्राहक मासिकाची पद्धत चालते आणि गिऱ्हाईकही तीच भाषा बोलते : मिंट, नियर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड प्लस, गुड, आणि त्याखाली फेअर व पुअर. तबकडीची आणि कव्हराची प्रत नेहमी वेगवेगळी लिहावी. मिंट हा शब्द न उघडलेल्या मालासाठीच ठेवावा. "गुड" प्रतीची तबकडी उड्या न मारता वाजते पण तिच्यात ठळक खरखर असते. नवे गिऱ्हाईक तिला चांगली समजून घेते, म्हणून या प्रतीसोबत दोषाचे वाक्य लिहिलेच पाहिजे.

एकच ओरखडा सर्व संगीतात सारखा ऐकू येत नाही. भरगच्च वाद्यवृंदाच्या चित्रपटगीतात जो दबून जातो, तोच विलंबित आलापात तंबोऱ्याच्या पार्श्वभूमीवर प्रत्येक फेऱ्याला ठसठशीत जाणवतो. शास्त्रीय रेकॉर्डला चित्रपटगीतांपेक्षा एक पायरी कठोर प्रत द्यावी. शास्त्रीय संगीताचे ग्राहक लक्ष देऊन ऐकतात आणि माल परतही तेच पाठवतात.

संभ्रम असेल तेव्हा खालची प्रत लिहावी. कव्हराची शिवण उसवणे, तबकडीच्या आकाराची गोल झीज, वाचनालयाचा शिक्का, शाईने लिहिलेले नाव, जुनी सेलोटेप या सर्वांची नोंद हवी. सेलोटेप ओढून काढायला जाऊ नये, छपाई तिच्यासोबत निघते.

## टप्पा ५ : नेमकी आवृत्ती ओळखणे

कव्हरावरचा क्रमांक आणि लेबलावरचा क्रमांक जुळतो का ते प्रथम पाहावे. जुन्या संग्रहांत कव्हर एकीचे आणि तबकडी दुसरीची हा प्रकार वारंवार आढळतो. नंतर लेबलाभोवतीच्या रिकाम्या कड्यातला मॅट्रिक्स क्रमांक (तबकडीच्या साच्याचा ओळख क्रमांक) भिंगाखाली वाचून नोंदवावा. एचएमव्हीच्या शास्त्रीय एलपींत ईएएलपी ही मोनोची आणि ईएएसडी ही स्टिरिओची मालिका, तसेच ईसीएलपी आणि ईसीएसडी अशी दुसरी जोडी. एवढे माहीत असले तरी मोनोला स्टिरिओ लिहिण्याची चूक टळते.

वर्षाबाबत विशेष जपावे. लेबलावर गोलातल्या पी चिन्हापुढे छापलेले वर्ष मूळ ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याचे असते. तेच वर्ष नंतरच्या पुनर्मुद्रणावरही राहते. त्यावरून "पहिली आवृत्ती" असे लिहिणे हा भांडणाचा सरळ रस्ता आहे. लेबलाचा रंग, मॅट्रिक्स आणि कव्हराची छपाई तिन्ही जुळत नसतील तर आवृत्तीचा उल्लेखच करू नये.

## टप्पा ६ : किंमत

कोणी किती मागतो यावरून किंमत ठरत नाही, प्रत्यक्ष विक्री किती रुपयांना झाली यावरून ठरते. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या नोंदी आणि विक्रीच्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीच्या पानावर आधीच्या विक्रींचा इतिहास दिसतो. तो आपल्याच प्रतीच्या नगांशी ताडून पाहावा. लोकप्रिय हिंदी चित्रपटांच्या एलपी लाखो घरांत गेल्या आहेत, त्या दुर्मीळ नाहीत, मग चित्रपट कितीही गाजलेला असो. मराठी नाट्यगीते आणि भावगीतांना परदेशी आकडेवारी फारशी उपयोगी पडत नाही. त्यांचे गिऱ्हाईक ठाणे, पुणे, नाशिक इथेच आहे.

खर्चाचा हिशेब वाया गेलेला माल धरून करावा. समजा ४० रेकॉर्ड्सचा गठ्ठा ६,००० रुपयांना घेतला. कागदावर एक १५० रुपयांना पडली. पण तपासणीत १२ बाद झाल्या तर उरलेल्या २८ पैकी प्रत्येकीचा भाव सुमारे २१४ रुपये झाला, आणि पाकिटे, खोका, टेप यांचा खर्च त्यावर चढतो. सीडीत तर एका नगाच्या किमतीपेक्षा पाठवणी महाग पडते. त्या एकाच गायकाच्या किंवा संगीतकाराच्या पाच-सहा एकत्र करून विकाव्यात.

## टप्पा ७ : फोटो आणि मजकूर

कव्हर पुढून व मागून, दोन्ही लेबले, तिरप्या प्रकाशातली तबकडी, मॅट्रिक्स क्रमांक आणि प्रत्येक दोषाचा जवळून फोटो घ्यावा. इंटरनेटवरून उचललेला कव्हराचा फोटो लावू नये. वाजवून दाखवायचे असेल तर काही सेकंदांचीच क्लिप टाकावी. पूर्ण गाणे टाकल्यास हक्कांच्या कारणाने व्हिडिओचा आवाज बंद होतो.

मजकूर असा असावा :

"१२ इंची एलपी, मोनो, मराठी नाट्यगीते. तबकडी : व्हेरी गुड. धुऊन दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या. पहिल्या बाजूच्या दुसऱ्या पदात आठ टक, सुमारे १५ सेकंद. सुई उडत नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या पदात चढ्या स्वरांवर आवाज किंचित फाटतो. कव्हर : गुड प्लस, वरची शिवण चार सेंटिमीटर उसवलेली, मागे शाईने नाव. आतले पाकीट नवे."

अशा मजकुराने काही गिऱ्हाइके कमी होतात, पण जी येतात ती परत पाठवत नाहीत.

डिस्कॉग्जवर नग टाकताना जवळपासच्या आवृत्तीच्या पानावर टाकू नये. नेमकी आवृत्ती तिथे नसेल तर तिची नोंद स्वतः करावी. प्रत्येक नगाला आपला क्रमांक द्यावा आणि त्याची चिठ्ठी बाहेरच्या पारदर्शक पाकिटावर चिकटवावी, कव्हरावर कदापि नाही. एका ठिकाणी विकला गेलेला नग दुसरीकडून त्याच क्षणी उतरवावा.

## टप्पा ८ : पैसे

इन्स्टाग्रामवर "माझ्यासाठी ठेवा" म्हणणारे पुष्कळ असतात. पैसे आधी येतील त्याचा माल, हा नियम प्रोफाइलवर लिहून ठेवावा आणि ओळखीच्या माणसालाही तोच लावावा. यूपीआयचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. रक्कम बँकेच्या ॲपमध्ये दिसल्यावरच पॅकिंगला हात घालावा. पैसे घेण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. तो मागणारा फसवतो आहे. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पेपालने भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले आहेत, त्यामुळे ते परदेशी गिऱ्हाइकापुरतेच उपयोगी आहे.

परदेशी पाठवणीत आयात-निर्यात कोड लागतो. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या निर्यातीवर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंधन आहे, आणि भारतातले तबकड्यांसाठीचे ध्वनिमुद्रण १९०२ पासूनचे असल्याने सुरुवातीच्या ७८ तबकड्या या वयात आता बसू लागल्या आहेत. अशा नगाची परदेशी मागणी घेऊ नये.

## टप्पा ९ : पॅकिंग आणि रवानगी

तबकडी कव्हरातून काढून, आतल्या पाकिटासह, कव्हराच्या मागे ठेवावी आणि दोन्ही मिळून बाहेरच्या पारदर्शक पाकिटात घालावीत. तबकडी कव्हरातच राहिली तर पार्सल आपटताक्षणी ती शिवण फाडून बाहेर येते. वाटेत फाटलेल्या कव्हरांच्या तक्रारी बहुतेक याच एका आळसातून येतात. वर आणि खाली नालीदार पुठ्ठ्याचे कव्हरापेक्षा थोडे मोठे तुकडे लावावेत, एकाच्या नाल्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. कोपरे रिकामे राहू देऊ नयेत. जून ते सप्टेंबरात सगळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी टेपने बंद करून मगच खोक्यात घालावी, कारण कुरिअरची गाडी पावसात उघडी उभी असते.

खोक्याच्या जाडीकडे लक्ष द्यावे. खाजगी कुरिअर बहुधा लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारे वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर तेच आकारतात. ३५ × ३५ × ६ सेंटिमीटरच्या खोक्याचे वजन १.४७ किलो धरले जाते, मग आत एकच एलपी का असेना. तोच खोका ४ सेंटिमीटर जाडीचा केला तर ०.९८ किलो होतो, म्हणजे एक किलोच्या आत. एवढ्या जाडीत दोन एलपीही बसतात, तेव्हा दुसरी घेणाऱ्याला पाठवणी खर्चात सूट देता येते. भाव सांगण्यापूर्वी स्पीड पोस्ट आणि कुरिअर दोन्हींचे दर त्याच खोक्यासाठी विचारावेत.

सीडीच्या डबीतले मधले दाते तुटलेले असतील तर डबी बदलावी, अन्यथा सैल सीडी वाटेतच ओरखडते. लाखेच्या ७८ तबकड्या एका खोक्यात दोनपेक्षा जास्त पाठवू नयेत आणि खोक्यात खोका घालावा.

हातोहात द्यायचे असेल तर ट्रान्स-हार्बर मार्गावर ठाणे किंवा वाशी स्थानक दोघांनाही सोयीचे पडते, पण सकाळ-संध्याकाळची गर्दीची वेळ टाळावी. त्या डब्यात एलपी सपाट राहत नाही.

## टप्पा १० : परत आलेला माल

परतीच्या अटी विक्रीआधीच लिहिलेल्या असाव्यात : किती दिवसांत कळवायचे, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ हवा की नको, आणि चूक आपली असेल तर दोन्हीकडचा खर्च आपण देणार. तक्रार आली की वहीतली तपासणीची नोंद काढून गिऱ्हाइकाला नेमके कोणत्या गाण्यात, कोणत्या जागी, कसला आवाज येतो ते विचारावे. अनेकदा दोष त्याच्या सुईच्या दाबात निघतो आणि पार्सल फिरवावे लागत नाही. माल परत आलाच तर पैसे पाठवण्यापूर्वी मॅट्रिक्स क्रमांक आणि नोंदवलेले ओरखडे जुन्या फोटोंशी ताडून पाहावेत, कारण आपल्या कव्हरात दुसरीच, झिजलेली तबकडी घालून पाठवणारे लोकही या बाजारात आहेत.